सिडनीहून कल्याणला आलेल्या बत्तीस तबकड्या

खडवलीहून मुंबईकडे निघालेली लोकल टिटवाळा, आंबिवली, शहाड घेत कल्याणला पोचते. या पट्ट्यातल्या माणसाला आपल्या भागाची ओळख विचारली, तर तो भातसा नदी सांगेल, टिटवाळ्याचा महागणपती सांगेल, शहाडचं बिर्ला मंदिर नि दुर्गाडीचा किल्ला सांगेल. १९६५ साली याच कल्याणला सूर्याकडे तोंड करून बत्तीस तबकड्यांची एक रेडिओ दुर्बीण उभी होती, हे फार थोड्यांना ठाऊक आहे. नारायणगावजवळची खोडदची दुर्बीण आज जगभर नावाजली जाते. तिची वंशावळ मागे नेत गेलं की आपण कल्याणला येतो आणि तिथून थेट ऑस्ट्रेलियात, सिडनी शहराच्या पश्चिमेकडच्या पॉट्स हिल नावाच्या तलावाच्या काठावर.

परदेशी विद्यापीठांशी संशोधनाचे करार हा अलीकडे रोजच्या बातम्यांचा विषय झाला आहे. कुलगुरू हस्तांदोलन करतात, फोटो छापून येतो. अशा कराराचं पुढे काय होतं, कोणता टिकतो आणि कोणता कागदावरच राहतो, हे समजून घ्यायला कल्याणची गोष्ट फार उपयोगी आहे. तिच्यात सगळं आहे: मैत्री, उदार मनाने दिलेली भेट, वर्षानुवर्षांची रखडपट्टी, आणि शेवटी ती भेट कामाला लावणारे हात.

दुसऱ्या महायुद्धात रडार बनवणारे ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञ युद्ध संपल्यावर तीच विद्या घेऊन आकाशाकडे वळले. जोसेफ पॉसी हे त्यांचे म्होरके. १९५२ साली सिडनीत आंतरराष्ट्रीय रेडिओ विज्ञान संघाची महासभा भरली. दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेचे संचालक के. एस. कृष्णन तिथे गेले होते. हे कृष्णन म्हणजे रामन परिणामाच्या शोधात सी. व्ही. रामन यांच्या बरोबरीने राबलेले. सिडनीतलं काम पाहून ते भारावले आणि परतल्यावर त्यांनी आपल्या प्रयोगशाळेतल्या तरुणांना तिकडे पाठवायचं ठरवलं. कोलंबो योजनेची शिष्यवृत्ती मिळाली आणि १९५३ मध्ये गोविंद स्वरूप सिडनीला पोचले. अलाहाबाद विद्यापीठातून एम.एस्सी. झालेला, चोविशीतला तरुण.

पॉट्स हिलला क्रिस्टियनसेन नावाच्या शास्त्रज्ञाने सहा फूट व्यासाच्या बत्तीस तबकड्या एका ओळीत मांडल्या होत्या. एवढ्याशा तबकड्यांनी काय साधणार, असं वाटेल. पण रेडिओ दुर्बिणीचं गणित वेगळं आहे. दुर्बिणीला किती बारीक दिसणार, हे तिची रुंदी आणि लहरींची लांबी यांच्या प्रमाणावर ठरतं. प्रकाशाच्या लहरी मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही आखूड असतात, म्हणून हातात मावणारी दुर्बीणही चंद्रावरचे खड्डे दाखवते. रेडिओ लहर हातभर लांब असते. तिच्यातून सूर्याचे बारकावे पाहायचे तर शेकडो मीटर रुंदीची तबकडी लागेल, आणि ती बांधणं कोणाच्या आवाक्यात नसतं. त्यावर उपाय असा की शेकडो मीटरच्या ओळीत लहान लहान तबकड्या ठेवायच्या, प्रत्येकीने पकडलेला संकेत तारांमधून एकत्र आणायचा आणि त्यांची बेरीज करायची. ज्या दिशेने आलेल्या लहरी एकमेकींच्या तालात मिसळतात, तिथला संकेत जोरकस होतो. बाकीच्या दिशांचे एकमेकांना खोडून काढतात. लांबच लांब दुर्बिणीची नजर अशी छोट्या तुकड्यांतून मिळते. या रचनेला इंटरफेरोमीटर म्हणतात.

क्रिस्टियनसेन यांनी आणखी पुढची पायरी गाठली. तबकड्यांची ओळ एकाच दिशेने बारीक पाहते, तिच्या आडव्या दिशेने नाही. पण पृथ्वी फिरते तशी ओळीची सूर्याशी असलेली दिशाही बदलत जाते. दिवसभरात वेगवेगळ्या कोनांतून घेतलेल्या नोंदी गणिताने एकत्र केल्या, तर सूर्याचं पूर्ण चित्र तयार होतं. संगणक हाताशी नव्हते; ही आकडेमोड माणसांनी महिनोन्‌महिने बसून केली. पृथ्वीच्या फिरण्याचाच असा उपयोग करून घ्यायची पद्धत नंतर जगभरच्या रेडिओ दुर्बिणींचा पाया झाली. स्वरूप यांनी ती घडताना पाहिली. त्यांनी आणि आर. पार्थसारथी या दुसऱ्या भारतीय तरुणाने पॉट्स हिलच्या तबकड्या ६० सेंटिमीटरच्या लहरींसाठी बदलून घेतल्या आणि स्वतःची निरीक्षणं केली.

तोवर क्रिस्टियनसेन यांना नवी, मोठी दुर्बीण बांधायची होती. जुन्या तबकड्या मोडीत जाणार होत्या. त्या भारताला द्याल का, असं स्वरूप यांनी विचारलं आणि पॉसी लगेच तयार झाले. दिल्लीहून कृष्णन यांचाही होकार आला. १९५५ मध्ये स्वरूप परतले ते या आशेवर.

इथून पुढचा भाग कोणत्याही करारावर सही करणाऱ्याने वाचावा असा आहे. तबकड्या मिळाल्या होत्या, पण त्यांच्या वाहतुकीचा खर्च कोणी द्यायचा यावर घोडं अडलं. परकीय चलनाची टंचाई होती, पत्रं इकडून तिकडे फिरत राहिली. स्वरूप यांनी वाट पाहिली आणि १९५६ मध्ये ते अमेरिकेला गेले: आधी हार्वर्डच्या टेक्सासमधल्या केंद्रात, मग स्टॅनफर्ड विद्यापीठात, जिथे रॉन ब्रेसवेल यांच्या हाताखाली त्यांनी पीएच.डी. केली. तबकड्या अखेर दिल्लीला आल्या, तेव्हा त्या वापरणारा माणूस देशात नव्हता. त्या पडून राहिल्या. भेट देणाऱ्याच्या मनात खोट नव्हती, घेणाऱ्याच्या मनातही नव्हती. उणीव होती ती इथे पाय रोवून उभ्या असलेल्या गटाची.

तो गट कसा उभा राहिला? १९६१ मध्ये अमेरिकेतल्या बर्कलीला आंतरराष्ट्रीय खगोल संघाचं अधिवेशन झालं. तिथे परदेशात काम करणारे चार भारतीय रेडिओ खगोलशास्त्रज्ञ भेटले: स्वरूप, टी. के. मेनन, मुकुल कुंडू आणि टी. कृष्णन. आपण सगळे भारतात परतून एकत्र काम करू, असा प्रस्ताव त्यांनी देशातल्या निरनिराळ्या संस्थांना पाठवला. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे होमी भाभा यांनी तो मनापासून उचलून धरला. भाभांची रीत अशी की आधी योग्य माणूस पाहायचा आणि मग त्याच्याभोवती संस्था वाढू द्यायची. १९६३ मध्ये स्वरूप मुंबईत आले. बाकीच्यांपैकी मेनन आणि कुंडू काही काळ येऊन पुन्हा परदेशी गेले. राहिले ते स्वरूप आणि त्यांनी इथेच तयार केलेली तरुण मुलं. दिल्लीत पडून असलेल्या तबकड्या टाटा संस्थेकडे आल्या आणि दोन वर्षांत कल्याणला उभ्या राहिल्या.

त्यांची मांडणी मात्र कल्याणची स्वतःची होती. पॉट्स हिलला या सगळ्या एका ओळीत होत्या. इथे चोवीस तबकड्या पूर्व-पश्चिम ६३० मीटरच्या ओळीत आणि आठ दक्षिण-उत्तर २५६ मीटरच्या ओळीत बसवल्या गेल्या. ग्रहणयंत्रणा ६१० मेगाहर्ट्‌झ वारंवारतेची, म्हणजे लहरीची लांबी सुमारे ४९ सेंटिमीटर. यावरून आपणच थोडं गणित करून पाहू. ४९ सेंटिमीटरला ६३० मीटरने भागलं की जो कोन मिळतो, तो साधारण अडीच मिनिटांचा, म्हणजे अंशाच्या चोविसाव्या भागाएवढा. सूर्याची चकती आकाशात सुमारे ३२ मिनिटांची दिसते. म्हणजे कल्याणची दुर्बीण सूर्याच्या डझनभर उभ्या पट्ट्या वेगळ्या पाहू शकत होती. आणखी एक गंमत आहे. समान अंतरावर तबकड्या ठेवल्या की दुर्बिणीची नजर एकच राहत नाही, कंगव्याच्या दातांसारख्या कित्येक समांतर नजरा तयार होतात. कल्याणला दोन तबकड्यांमधलं अंतर सुमारे २७ मीटर होतं, त्यामुळे दोन नजरांमध्ये जवळपास एक अंशाची फट पडे. सूर्य अर्ध्या अंशाचा. तो एका वेळी एकाच नजरेत सापडे. पृथ्वी फिरत असल्यामुळे तो एका नजरेतून दुसरीत सरकत जाई आणि दर काही मिनिटांनी एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सूर्य पुसून घेतल्यासारखी एक नवी नोंद कागदावर उमटे. तबकड्या तंतोतंत हलवणारी महागडी यंत्रणा न लागता हे साधत होतं.

पाहायचं काय होतं? डोळ्यांना दिसणारा सूर्याचा पृष्ठभाग सुमारे साडेपाच हजार अंश सेल्सियस तापमानाचा. त्याच्या बाहेरचं विरळ वातावरण, ज्याला किरीट म्हणतात, ते दहा लाख अंशांच्या घरात असतं. खग्रास ग्रहण सोडलं तर ते डोळ्यांना दिसत नाही, पण या लांबीच्या रेडिओ लहरींमध्ये रोज दिसतं. सूर्याच्या मधोमध पाहिलं तर आपली नजर किरीटाचा पातळ थर ओलांडून खालच्या थंड भागाशी पोचते. कडेला पाहिलं तर ती तिरकी जाते आणि तापलेल्या वायूतून लांबवर प्रवास करते. म्हणून रेडिओ सूर्याच्या कडा मध्यभागापेक्षा उजळ दिसायला हव्यात. स्वरूप आणि पार्थसारथी यांनी सिडनीत जो प्रश्न हाताळला होता, तोच कल्याणला पुढे चालू राहिला. शांत सूर्य कसा दिसतो आणि डागांच्या आसपासचे तापलेले भाग कसे बदलतात, याच्या नोंदी इथे झाल्या. विजय कपाहींसारखे पुढे मोठं नाव झालेले शास्त्रज्ञ याच दुर्बिणीवर हात मुरवून तयार झाले. माझ्या मते कल्याणच्या दुर्बिणीची सगळ्यात मोठी कमाई हीच. तारा समान लांबीच्या कशा कापायच्या, जोडात पाणी शिरलं तर काय होतं, पावसाळ्यात ग्रहणयंत्रणा कशी जपायची, हे सिडनीच्या किंवा स्टॅनफर्डच्या ग्रंथालयात शिकता येत नाही.

भाभा १९६६ च्या जानेवारीत विमान अपघातात गेले. पण त्याआधीच स्वरूप यांच्या पुढच्या कल्पनेला त्यांचा पाठिंबा मिळाला होता आणि ती कल्पना कोणाकडून उसनी आलेली नव्हती. भारत विषुववृत्ताजवळ आहे. उटीजवळ अकरा अंश उतार असलेली टेकडी सापडली, आणि त्या जागेचा अक्षांशही अकराच. त्या उतारावर उत्तर-दक्षिण ठेवलेला दुर्बिणीचा आस आपोआप पृथ्वीच्या आसाला समांतर होतो, आणि मग ५३० मीटर लांब, ३० मीटर रुंद दुर्बीण नुसती एका आसाभोवती फिरवून ताऱ्यांचा तासन्‌तास पाठलाग करता येतो. १९७० मध्ये ती चालू झाली. युरोप-अमेरिकेच्या अक्षांशावर अशी दुर्बीण बांधायची तर टेकडी फारच खडी लागली असती.

खोडदची दुर्बीण, म्हणजे जीएमआरटी, याच विचारातून आली. पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस तबकड्या. चौदा मधल्या भागात आणि सोळा इंग्रजी वाय अक्षराच्या आकारात, सुमारे पंचवीस किलोमीटरच्या परिसरात. पोलादी दोऱ्यांच्या चौकटीवर ताणलेली बारीक तारेची जाळी हेच त्यांचं आरसेपण. इथे बर्फ पडत नाही आणि लहर लांब असल्यामुळे जाळीच्या भोकांतून ती निसटत नाही. म्हणून एवढी हलकी आणि स्वस्त रचना चालते. थंड देशात हिवाळ्यात त्या जाळीवर बर्फाचा भार आला असता. कल्याणहून मुरबाड, माळशेज घाट करत आळेफाट्याकडे जाणाऱ्या एसटीत बसलेला प्रवासी या दुर्बिणीच्या मुलखातच उतरतो.

आता खोडद जगाला वेळ देतं. निरीक्षणाचा अर्ज कोणत्याही देशातून करता येतो आणि तो गुणवत्तेवर निवडला जातो. २०२३ च्या जूनमध्ये एक बातमी जगभर गाजली: विश्वात अत्यंत मंद गुरुत्वीय लहरींची सतत चाललेली गुणगुण असल्याचे पुरावे मिळाले. त्यात भारत आणि जपान यांच्या संशोधकांचा एक गट होता, खोडदच्या नोंदी वापरणारा, आणि त्याने युरोपच्या गटाबरोबर काम केलं. स्पंदक नावाचे मृत तारे सेकंदाला शेकडो वेळा फिरतात आणि त्यांचे ठोके विलक्षण नियमित पडतात. अवकाश ताणलं-आक्रसलं की ते ठोके कणभर मागेपुढे होतात. अडचण अशी की वाटेतल्या विरळ वायूमुळेही ठोके उशिरा येतात. लांब लहरींना हा उशीर जास्त होतो, आणि खोडदला दिसतात त्या नेमक्या लांब लहरी. म्हणून वायूमुळे झालेला उशीर वेगळा काढायला आपली दुर्बीण जगाच्या उपयोगी पडली. भागीदारीत आपल्याकडे असं काही असावं लागतं, जे समोरच्याकडे नाही.

आरोग्याच्या क्षेत्रातलं महाराष्ट्रातलं उदाहरणही याच कसोटीला उतरतं. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक मधुमेहावर काम करत होते. इंग्लंडच्या साउदॅम्प्टनचे डेव्हिड बार्कर म्हणत होते की मोठेपणीच्या आजारांची बीजं पोटात असतानाच पडतात. १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांत दोघांच्या संस्थांनी मिळून अभ्यास सुरू केला. तिथली बाळं जन्मतः सरासरी २.७ किलोची, साउदॅम्प्टनची ३.५ किलोची. पण मोजमापं घेतल्यावर दिसलं की आपली बाळं स्नायूंनी रोड असूनही त्यांच्या अंगावरची चरबी त्या मानाने कमी झालेली नाही. बाळ बारीक दिसतं, तरी त्याच्यातला मेदाचा वाटा मोठा असतो. लंडनचे जॉन युडकिन आणि याज्ञिक यांनी तर स्वतःचीच मोजमापं छापली: दोघांच्या उंची-वजनाचं प्रमाण अगदी सारखं, २२.३; पण शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. पुढे आईच्या रक्तातल्या बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता आणि मुलांमधला इन्सुलिन-प्रतिरोध यांचा संबंध याच गावांमधून समोर आला. शाकाहार जास्त असलेल्या समाजाचा हा प्रश्न साउदॅम्प्टनमध्ये बसून कोणाला सुचला नसता. आणि तो तडीस गेला, कारण गावातल्या बायका, त्यांच्या सासवा, घरोघरी वजनकाटा घेऊन जाणाऱ्या कार्यकर्त्या वर्षानुवर्षं टिकून राहिल्या. संशोधन निबंधावर ज्यांची नावं येत नाहीत, त्यांच्यावर अशी भागीदारी उभी असते.

मुंबईतही असंच एक काम झालं. झोपडवस्तीतल्या हजारो बायकांना गरोदरपणाच्या आधीपासून हिरव्या पालेभाज्या, फळं आणि दूध घातलेला खाऊ रोज देऊन साउदॅम्प्टनच्या सहकार्याने पाहणी केली गेली. एकूण सगळ्यांचा हिशेब मांडला तर बाळांच्या वजनात ठळक फरक दिसला नाही. पण गर्भ राहण्याआधी तीन महिने तरी ज्यांना खाऊ मिळाला होता, त्यांच्या बाळांची वजनं वाढलेली आढळली, आणि गरोदरपणातल्या मधुमेहाचं प्रमाणही घटलं. अपेक्षेपेक्षा वेगळं उत्तर आलं तरी ते प्रामाणिकपणे छापलं गेलं, याचं मला मोल वाटतं.

तंत्रज्ञानात पवईच्या आयआयटीने ऑस्ट्रेलियाच्या मोनॅश विद्यापीठाबरोबर २००८ मध्ये एकत्रित संशोधन अकादमी काढली. विद्यार्थ्याला दोन्हीकडचे मार्गदर्शक असतात, काही काळ तो तिकडे काम करतो आणि पदवी दोन्ही संस्थांची मिळते. नवी मुंबईत परदेशी विद्यापीठांच्या शाखा येऊ घातल्या आहेत, त्यांच्याकडे पाहताना हा फरक ध्यानात ठेवावा. शाखेत शिकवणं येईल, पदवी येईल. प्रयोगशाळेत खांद्याला खांदा लावून काढलेली वर्षं त्यातून येतीलच असं नाही.

हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरी टिपणारी प्रयोगशाळा उभी राहायची आहे. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा, आणि आतली अत्यंत नाजूक यंत्रसामग्री अमेरिकेच्या लायगोकडून. २०१६ च्या फेब्रुवारीत तत्त्वतः मान्यता मिळाली, खर्चाला पूर्ण मंजुरी २०२३ च्या एप्रिलमध्ये, २६०० कोटी रुपयांची. परदेशातून यंत्रं मिळतात आणि इथे कागद सरकायला वर्षं लागतात, हे दिल्लीत पडून राहिलेल्या तबकड्यांची आठवण करून देणारं आहे. एक गोष्ट मात्र तेव्हापेक्षा चांगली आहे: माणसं तयार आहेत. पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेत संजीव धुरंधर यांनी १९८० च्या दशकाच्या शेवटापासून या लहरी गोंगाटातून वेगळ्या कशा ओळखायच्या, याच्या गणितावर काम केलं आणि विद्यार्थ्यांच्या पिढ्या घडवल्या.

आपल्या भागातल्या महाविद्यालयांत विज्ञान किंवा इंजिनिअरिंग शिकणाऱ्या मुलामुलींना या सगळ्यात शिरायची वाट आहे का? आहे, आणि ती फुकट आहे. खोडदच्या दुर्बिणीने १५० मेगाहर्ट्‌झवर जवळपास सगळं दिसणारं आकाश धुंडाळलं. त्या नोंदींवर हुइब इंटेमा या डच खगोलशास्त्रज्ञाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नव्याने प्रक्रिया केली आणि २०१७ मध्ये सहा लाखांहून जास्त रेडिओ स्रोतांची यादी सगळ्यांसाठी खुली केली. ती चित्रं कोणालाही पाहता येतात. मुंबई विद्यापीठाच्या कालिना आवारातल्या मूलभूत विज्ञान केंद्रातले आनंद होता यांनी २०१३ पासून ‘रॅड अॅट होम’ हा उपक्रम चालवला आहे. पदवीधर आणि शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना त्यात रेडिओ दीर्घिका ओळखायला शिकवतात आणि कोणाला काही वेगळं सापडलं तर खोडदला त्याचं नव्याने निरीक्षण मागितलं जातं. शिवाय २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला खोडदला मोठं प्रदर्शन भरतं. शाळांची मुलं स्वतः केलेले प्रयोग मांडतात आणि दुर्बीण जवळून पाहता येते. कल्याणच्या बसस्थानकातून पहाटेची आळेफाट्याकडची गाडी धरली तर दिवसभर तिथे थांबून रात्रीपर्यंत घरी परतता येतं.